वांग, डाग आणि लेझर: नाशिकमध्ये पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्यांसाठी

"मावशी, लेझर चांगलं की आयपीएल?" पिंपळगावहून भाचीचा फोन आला तेव्हा त्यांचा द्राक्षाचा हंगाम नुकताच संपला होता. आयपीएल म्हणजे तीव्र प्रकाशाच्या झोताने डागावर करायचा उपचार. जानेवारीपासून पोरगी रोज बागेत, डोक्याला रुमाल, तोंड उघडं. दोन्ही गालांवर सारखेच तपकिरी पट्टे उमटले होते आणि मे महिन्यात दिराचं लग्न होतं. सहा सेशनचं पॅकेज तिला कोणीतरी फोनवरच सांगितलं होतं, आगाऊ पैसे भरले तर सवलत. मी म्हटलं, एक रुपयाही भरू नकोस, आधी रविवारी घरी ये.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण हा रस्ता मी चुकीच्या बाजूने चालून आले आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या गालांवर आणि कपाळावर वांगाचे डाग आले. ऐन एप्रिलमध्ये, सिडकोहून पंचवटीपर्यंत रोज स्कूटरने जात असताना, मी एका ठिकाणी आयपीएलची चार सेशन्स घेतली. डाग कसला आहे हे कोणी पाहिलं नाही. उन्हात किती वेळ असते, कोणतं क्रीम लावते, काही विचारलं नाही. दुसऱ्या सेशननंतर डाग फिकट दिसला म्हणून मी हरखले. चौथ्यानंतर तो आधीपेक्षा गडद झाला, शिवाय कपाळावर आगपेटीच्या कडेएवढा लांबट, सरळ रेषांचा एक पट्टा उठला. यंत्राचं तोंड जिथे टेकवलं होतं त्याचा तो शिक्का. तो पुसट व्हायला दीड वर्ष गेलं. त्यानंतर मला खऱ्या त्वचारोगतज्ज्ञ भेटल्या. खाली लिहिलेलं बहुतेक त्यांच्याकडून आणि नंतरच्या वाचनातून शिकलेलं आहे.

आधी डाग ओळखा

सकाळी दहाच्या सुमारास खिडकीपाशी आरसा घेऊन उभ्या राहा. ट्यूबलाइटखाली नको, आणि फोनच्या ब्यूटी मोडमध्ये तर नकोच. चेहरा धुतलेला, कोरडा. आता डागाची जागा, कडा आणि रंग पाहा.

दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर साधारण सारखेच पसरलेले, नकाशासारख्या वेड्यावाकड्या कडांचे तपकिरी डाग असतील तर ते बहुधा वांग, म्हणजे मेलास्मा. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातला कल आणि ऊन ही त्याची नेहमीची कारणं. चुलीची किंवा भट्टीची धगही त्यात भर घालते.

सुटे सुटे, मुगाएवढे किंवा त्याहून बारीक ठिपके, ज्यांच्या मधली त्वचा स्वच्छ आहे, ते उन्हाचे ठिपके. मुरूम जिथे होते नेमके तिथेच राहिलेले डाग वेगळे. मानेवर मखमलीसारखी जाड, काळसर त्वचा असेल तर तिथे दिवा मारून उपयोग नाही. ती बऱ्याचदा वाढलेल्या वजनाची आणि इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. तिथे लेझरच्या आधी रक्तातली साखर तपासा. हातांवर आणि पाठीवर बारीक लाटांसारखा काळेपणा असेल तर न्हाणीघरातली वज्री किंवा नायलॉनची घासणी आठवा. वर्षानुवर्षं घासून तो आलेला असतो, आणि काळं दिसतं म्हणून आपण आणखी जोरात घासतो.

चेहऱ्यावर आणि मानेवर पाटीच्या दगडासारखा राखाडी रंग चढला असेल तर केसांच्या कलपावर पहिला संशय घ्या. गालांवरचे बारीक, उंचवटा असलेले काळे दाणे, जे आईलाही होते, ते काढायला साधी विद्युत सुई पुरते. एका डोळ्याभोवती लहानपणापासून निळसर-करडा डाग असेल तर तो खोल असतो. त्याची गोष्ट पुढे येईल.

आणि एक गोष्ट कधीही पार्लरच्या खुर्चीवर ठरवू नका: जो तीळ वाढतोय, रंग बदलतोय, ज्यातून रक्त येतंय, किंवा तळपाय, तळहात, नखाखाली नव्याने आलेला काळा डाग. त्यावर कुठलाही दिवा मारण्याआधी डॉक्टरांनी तो पाहिला पाहिजे, गरज पडली तर तुकडा तपासला पाहिजे. लेझरने वरचा रंग गेला की खालचा आजार झाकला जातो.

हे सगळं घरी ओळखायचं ते अंदाजापुरतं. नाव ठरवणं डॉक्टरांचं काम. डॉक्टर भिंगाने, कधी वूड्स लॅम्पच्या जांभळट उजेडात डाग पाहतात आणि तो वरच्या थरात आहे की खोल, याचा अंदाज घेतात.

आपला रंग मोकळेपणाने सांगा

अमेरिकेतल्या थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार मांडायला सुरुवात केली. आज ते सहा मानले जातात: पहिला उन्हात लाल होतो पण काळवंडत नाही, सहावा अगदी गडद. आपल्याकडचा गव्हाळ रंग साधारण चौथ्यात बसतो, सावळा पाचव्यात. हे सांगताना लाजायचं काय? हाच आकडा ठरवतो की यंत्र तुम्हाला बरं करील की भाजेल.

कारण सोपं आहे. ही सगळी यंत्रं रंगद्रव्यावर नेम धरतात. गोऱ्या त्वचेत रंगद्रव्य फक्त डागातच जास्त असतं, त्यामुळे नेम चुकत नाही. आपल्या त्वचेत ते सगळीकडे असतं. प्रकाशाला डाग आणि डागाशेजारची निरोगी कातडी यांत फरक करता येत नाही, तो दोन्हीकडे शोषला जातो. शिवाय आपल्या त्वचेला जरा दुखावलं की ती उत्तर म्हणून आणखी रंग तयार करते. डास चावला तरी महिनाभर काळा ठिपका राहतो, ते आठवा.

यंत्रांतला फरक: फोडणीचं उदाहरण

१९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी एक तत्त्व मांडलं: योग्य रंगाचा प्रकाश योग्य इतक्या कमी वेळासाठी दिला, तर फक्त लक्ष्य तापतं, आजूबाजूची कातडी वाचते. आजची सगळी यंत्रं याच पायावर उभी आहेत, आणि सगळा खेळ त्या वेळात आहे.

आयपीएल म्हणजे लेझर नव्हे. तो तीव्र प्रकाशाचा झोत आहे, साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटर अशा अनेक तरंगलांबींचा एकत्र. पुढे फिल्टर लावून कमी तरंगलांबीचा भाग कापतात. झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागाएवढा टिकतो. तुम्हाला हा वेळ नगण्य वाटेल, पण त्वचेच्या हिशेबात तो भरपूर आहे. डाग म्हणजे मोहरी आणि त्वचा म्हणजे कढई धरली, तर इथे कढईच तापली. मोहरी तडतडेल, पण कढईला हात लागला तर चटकाही बसेल.

क्यू-स्विच लेझरचा ठोका नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजायचा. इथे कढई गरम व्हायच्या आतच मोहरी फुटते: रंगद्रव्याचा कण तडकतो आणि शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याचे तुकडे उचलून नेतात. पिको लेझरचा ठोका त्याहूनही लहान. त्यात उष्णता आणखी कमी, पण तो किमतीला वरचढ असतो आणि वांगावर जादू करत नाही.

क्यू-स्विच यंत्रांत नेहमी असणाऱ्या निओडिमियम-याग नावाच्या लेझरच्या दोन तरंगलांबी तुमच्या कानावर पडतील. ५३२ नॅनोमीटर वरच्या थरातल्या ठिपक्यांसाठी, पण सावळ्या रंगाला त्याने काळे डाग उठण्याचा धोका जास्त. १०६४ खोल जातो आणि वरच्या थरातलं रंगद्रव्य त्याला कमी शोषतं, म्हणून आपल्या रंगासाठी तो त्यातल्या त्यात सुरक्षित. गोंदण काढायलाही हेच यंत्र वापरतात. आजीच्या कपाळावरचं हिरवट गोंदण ज्याने जातं, त्याने गालावरचा वांग मात्र तसा जात नाही, हे लक्षात ठेवा.

चेहऱ्यावर लावायचे लाल-निळ्या दिव्यांचे मुखवटे हल्ली घरोघरी येतात. त्यांनी डाग जात नाहीत. निळा उजेड तर गडद त्वचेत काळेपणा वाढवू शकतो. घरी केस काढायची आयपीएलची यंत्रंही डागावर किंवा तिळावर चालवू नका.

कोणत्या डागाला काय

माझ्या डॉक्टरांकडून ऐकलेलं आणि पुढे नात्यातल्या पाच-सहा जणींबरोबर जाऊन पाहिलेलं सांगते.

उन्हाचे सुटे ठिपके आणि तुमचा रंग गोरा किंवा फिकट गव्हाळ: आयपीएल, क्यू-स्विच, पिको, तिन्ही चालू शकतात. इथे प्रकाशोपचाराचा खरा फायदा दिसतो. रंग सावळा असेल तर आयपीएल टाळलेलं बरं. लेझर, तेही आधी चाचणी घेऊन.

डोळ्याभोवतीचा लहानपणापासूनचा निळसर डाग, त्याला ओटाचा नेव्हस म्हणतात. आयपीएल तिथपर्यंत पोचत नाही. क्यू-स्विच १०६४ हाच त्याचा नेहमीचा उपाय. सेशन्स बरीच लागतात, दोनांमध्ये निदान दीड-दोन महिन्यांचं अंतर, पण गेलेला रंग सहसा परत येत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागात रंग असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्यातला दाबही तपासून घ्या.

मुरुमांचे डाग: आधी मुरूम थांबवा. डाग वरच्या थरात असेल तर ऊन टाळून आणि क्रीमने तो काही महिन्यांत स्वतःहून फिकट होतो. घाईने दिवा मारला तर त्या चटक्याचाच नवा डाग पडतो.

आता वांग. याच्यावरच सर्वांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून इथे थांबून वाचा. वांग हा नुसता साचलेला रंग नाही. तिथल्या रंग बनवणाऱ्या पेशी जास्त चाळवलेल्या असतात. साचलेला रंग फोडला तरी कारखाना चालूच राहतो, आणि प्रकाशाची उष्णता त्याला आणखी चिथावते. म्हणून आयपीएल किंवा लेझरनंतर डाग आधी फिकट होतो आणि दोन-तीन महिन्यांत परततो, कधी दुप्पट होऊन. माझं नेमकं तेच झालं.

त्यामुळे वांगाला पहिला उपाय प्रकाश नाही. पहिला उपाय प्रकाशापासून संरक्षण, दुसरा डॉक्टरांनी लिहून दिलेली क्रीम, आणि काही जणींना ट्रानेक्झामिक ॲसिड या मुळात रक्तस्राव थांबवायच्या औषधाच्या गोळ्या. या गोळ्या मनाने कधीही घेऊ नका. रक्ताची गुठळी कधी झाली असेल, किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगायचं. एवढं सगळं करून काही महिने डाग स्थिर राहिला आणि तरी उरला, तर कमी ताकदीचा १०६४ जोडीला घेता येतो. 'टोनिंग' म्हणून तो सांगतात. मात्र दर आठवड्याला महिनोन्‌महिने टोनिंग करत राहिलं तर काहींच्या गालांवर तांदळाच्या कण्या विखुरल्यासारखे पांढरे ठिपके उठतात, आणि ते घालवणं वांगापेक्षा अवघड. वीस सेशनचं पॅकेज कोणी पुढे केलं तर हे आठवा.

यंत्राच्या आधीचे तीन महिने

घरातल्या सगळ्या ट्यूब बाहेर काढा. मेडिकलमधून 'गोरेपणाची' म्हणून आणलेली, मैत्रिणीने सुचवलेली, जी असेल ती. मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, लाल होते, लव वाढते, आणि बंद केलं की भडकते. अशा चेहऱ्यावर प्रकाश मारणं धोक्याचं. पण एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना ट्यूब दाखवा आणि कमी कसं करायचं ते विचारा. हायड्रोक्विनोनही ठरलेल्या मुदतीपुरतंच असतं. वर्षानुवर्षं लावलं तर त्याचाच निळसर काळेपणा येतो.

मग ऊन. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, हवा सुखद वाटते आणि आपण फसतो. एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी इथला अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो, म्हणजे जागतिक मोजपट्टीवरची सर्वांत वरची पायरी. त्र्यंबकच्या बाजूने आलेल्या ढगांनी आभाळ भरलं तरी अतिनील किरणांचा मोठा भाग ढगांतून खाली येतोच.

सनस्क्रीन एसपीएफ ३० ते ५०, आणि रंगाची छटा असलेलं घ्या. ही छटा मेकअपसाठी नाही. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेड अडवतं, आणि गडद त्वचेतल्या वांगाला तोही उजेड वाढवतो. पांढऱ्या सनस्क्रीनने तो अडत नाही. प्रमाण: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ, चेहरा आणि मानेला मिळून. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. मी शाळेच्या मधल्या सुट्टीत लावते, मुली बघून हसतात, मग विचारतात का लावता, आणि मी सांगते.

स्कार्फ घट्ट विणीचा आणि गडद रंगाचा. उजेडासमोर धरून पाहा: पलीकडचं दिसत असेल तर तो धुळीपुरता आहे. सनकोट हात सांभाळतो, चेहरा नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, तीन फोटो: समोरून, डावीकडून, उजवीकडून. आरसा रोज पाहिला की काहीच कळत नाही.

डॉक्टर निवडताना

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडला त्वचेच्या उपचारांचे फलक भरपूर आहेत. फलकावरचा शब्द 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' असेल तर थांबा आणि पदवी विचारा. त्वचारोगातली एम.डी., डी.एन.बी. किंवा पदविका हवी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत नाव शोधता येतं. खर्चाची काळजी असेल तर निदानासाठी सिव्हिलला किंवा आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात केसपेपर काढा. डागाचं नाव तिथे कळलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

आत गेल्यावर विचारा, अगदी या शब्दांत: "मॅडम, माझ्या डागाचं नाव काय? यंत्र कोणतं, तरंगलांबी किती? माझ्यासारख्या रंगावर तुम्ही हे करता का? तुम्ही स्वतः करणार की सहायक? डाग वाढला तर पुढे काय करायचं?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. माझ्या डॉक्टरांनी तर कागद ओढून आकृती काढून दाखवली.

चाचणीचा आग्रह धरा. कानापुढे किंवा जबड्याच्या कडेला छोट्या जागी एकदा ठोका देऊन निदान तीन-चार आठवडे थांबायचं, कारण काळा डाग उशिरा उठतो. "आजच करून टाकू" म्हणणाऱ्यांकडून परत या. गरोदर असाल, ओठावर वारंवार तापाचे फोड येत असतील, जखमेच्या जागी गाठीसारखा व्रण वाढत असेल, मुरुमांच्या किंवा इतर कोणत्या गोळ्या चालू असतील, तर न विचारताही सांगा. पुरुषांनी दाढीच्या भागाबद्दल विचारावं. आयपीएल केसांच्या मुळांवरही काम करतं, दाढी विरळ होऊ शकते.

वेळ कधीची धरायची

शहरातल्या नोकरदार बाईला दिवाळीनंतरचे अडीच महिने चांगले, ऊन सौम्य असतं. पण निफाड-दिंडोरीकडच्या बागेत राबणाऱ्या बाईला तेच महिने फवारणी, विरळणी आणि पुढे काढणीचे. तिने डॉक्टरांना आपल्या कामाचं वेळापत्रक सांगावं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची धांदल ओसरली की पावसाळ्यात बागेत त्या मानाने कमी जावं लागतं, तेव्हा ठरवता येईल. ताजा टॅन चेहऱ्यावर असताना कोणतंही सेशन नको. लग्न महिन्यावर आलं असेल तरी नको.

त्या दिवशी आणि नंतर

डोळ्यांवर पूर्ण झाकणारी गॉगल किंवा ढाल लागलीच पाहिजे. ती दिल्याशिवाय यंत्र चालू करू देऊ नका. आयपीएलला थंड जेल लावतात, मग ताणलेला रबरबँड कातडीवर सुटल्यासारखा चटका आणि बंद डोळ्यांआडही लख्ख उजेड. क्यू-स्विचला टिक टिक आवाज येतो. चटका सहन होण्यापलीकडे गेला तर "थांबा" म्हणा. मी त्या दिवशी दात ओठ खाऊन सहन केलं, ते चुकलं. जास्त दुखणं ही सेटिंग जास्त असल्याची खूण असू शकते.

ठिपके आधी गडद होतात, मग कोरड्या चहाच्या भुकटीसारख्या बारीक खपल्या धरतात आणि आठ-दहा दिवसांत आपोआप गळतात. नखाने काढू नका. हळद-बेसन, लिंबू, ब्लीच, फेशियल, वाफ, सगळं बंद. फोड आला, पिवळं पाणी सुटलं, दुसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं किंवा डोळ्याला काही झालं, तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.

प्रत्येक सेशननंतर कागदावर लिहून घ्या: यंत्र, तरंगलांबी किंवा फिल्टर, ऊर्जा किती ज्यूल. पुढे डॉक्टर बदलावे लागले तर हाच कागद उपयोगी पडतो. माझ्याकडे तो नव्हता, आणि नव्या डॉक्टरांना माझ्या कपाळावरच्या पट्ट्यावरून अंदाज बांधावा लागला.

भाचीला डॉक्टरांनी वांगच सांगितलं. तिने लेझर केलं नाही. लग्नात ती छटावालं सनस्क्रीन आणि त्यावर थोडी पावडर लावून मिरवली. बागेत आता काळा सुती स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधते, रात्री क्रीम लावते. ऑक्टोबरच्या छाटणीआधी तिने सहा महिन्यांचे फोटो एकाखाली एक लावून मला पाठवले. उजव्या गालावरचा पट्टा निम्म्याने फिकट आहे, डाव्या गालावर अजून दिसतो. पुढच्या तपासणीला आम्ही दोघी जाणार आहोत, आणि चाचणीचा ठोका घ्यायचा की नाही ते तिथे विचारणार आहोत.